भाव किलोवर की नगावर? सोलापुरात नव्यानं आलेल्यांसाठी

"टॉवेल कसा दिला?"

"तीनशे वीस."

फोनवर एवढंच बोलणं झालं. परभणीहून येऊन सोलापुरात नुकताच धंद्याला लागलेला एक मुलगा. त्यानं वहीत ‘टॉवेल ३२०’ असं लिहिलं आणि गावाकडच्या लॉजवाल्याला एका टॉवेलचे तीनशे वीस म्हणून कळवून टाकलं. लॉजवाल्यानं माल दुसरीकडून घेतला. भाव किलोचा होता. त्या टॉवेलचं वजन साडेचारशे ग्रॅमच्या जरा वर भरायचं, म्हणजे नग दीडशेच्या आत पडला असता. वही उघडून तो माझ्यासमोर बसला होता. पानावरचा आकडा बरोबर होता, फक्त त्याच्यापुढं ‘किलो’ हा शब्द नव्हता.

टॉवेल-चादरीच्या होलसेल दुकानात मी बावीस वर्षं बिलं लिहिली. न लिहिलेल्या एका शब्दापायी आणि भलतीकडं पडलेल्या एका टिंबापायी लोकांचे पैसे गेलेले पाहिले. बहुतेक वेळा कुणी फसवलेलं नसतं, दोघं दोन वेगळी मापं मनात धरून बोलत असतात. शिकायला, नोकरीला किंवा धंद्याला सोलापुरात आलेल्यांना हा त्रास होऊ नये, म्हणून पायरीपायरीनं लिहितोय.

पहिली पायरी: आधी ‘कशावर?’ विचारा

भाव ऐकला की लगेच हिशोबाला लागू नका. "किलोवर की नगावर?" हे आधी विचारा. असं विचारण्यात कमीपणा नाही, जुने व्यापारीही विचारतात. सोलापुरात शेंगाचटणी किलोवर मिळते, कडक भाकरी नगावर, केळी डझनावर, पालेभाजी जुडीवर. टॉवेल किरकोळ दुकानात नगावर आणि होलसेलला बऱ्याचदा किलोवर. एकच वस्तू दोन दारांत दोन मापांनी विकली जाते, हे पूर्व भागात, म्हणजे शहरातल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांच्या वस्तीत, पहिल्यांदा खरेदीला जाणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

मार्केट यार्डात कांद्याचा भाव क्विंटलवर बोलतात. क्विंटल म्हणजे शंभर किलो, त्यामुळं ‘कांदा १२००’ म्हणजे किलोला बारा रुपये. पुण्याकडं बऱ्याच वेळा दहा किलोचा भाव सांगतात. तिकडचा १२० आणि इकडचा १२०० हा एकच भाव आहे. बातमी वाचून "पुण्यात कांदा दहापट स्वस्त" असं म्हणणारे लोक मी पाहिले आहेत.

फेब्रुवारी २०२३ मधली बातमी तुमच्याही कानावर आली असेल. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा घातला. भाव लागला क्विंटलला शंभर, म्हणजे किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, गाडीभाडं कापून हाती उरले दोन रुपये एकोणपन्नास पैसे, आणि चेक मिळाला दोन रुपयांचा. टिंबापुढचे एकोणपन्नास पैसेही त्याला मिळाले नाहीत. भाव आणि कपात वेगवेगळ्या हिशोबानं लागतात, हे यात दिसतं. भाव क्विंटलवर पडतो. हमाली आणि गाडीभाडं मालाच्या भाराप्रमाणे लागतं, भाव पडला म्हणून ते उतरत नाही. कुठलीही पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, हातात आली की प्रत्येक ओळीला ‘कशावर?’ विचारायचं ते यासाठी.

दुसरी पायरी: पाव, सव्वा, दीड, अडीच तोंडपाठ करा

इथं शाळेतलं ‘एक पॉइंट दोन पाच’ कुणी बोलत नाही. पाव म्हणजे ०.२५, अर्धा ०.५०, पाऊण ०.७५, सव्वा १.२५, दीड १.५०, पावणेदोन १.७५, अडीच २.५०. तिथून पुढं साडेतीन, साडेचार. शेकडा आला की पाऊणशे ७५, सव्वाशे १२५, दीडशे १५०, पावणेदोनशे १७५, अडीचशे २५०. घरात मराठी नसलेल्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ‘पावणे’ या शब्दावर. ‘पावणेतीन’ ऐकलं की ते तीन आणि वर पाव धरतात. पावणे म्हणजे पाव कमी. पावणेतीन किलो म्हणजे २.७५०. पाव जास्त हवा असेल तर तो सव्वातीन.

मंडईत भाव उलटा बोलतात. लक्ष्मी मंडईत "दहाला पाव, दहाला पाव" अशी आरोळी येते, तेव्हा भाव चाळीस रुपये किलो आहे. शेजारची मावशी "शंभरला अडीच" म्हणत असेल तर तोही चाळीसच. "पन्नासला दीड" म्हणजे तेहतीस रुपये आणि वर काही पैसे. मनातल्या मनात किलोवर आणायची सवय आठ दिवसांत लागते. म्हातारी माणसं अजून ‘पावशेर’ म्हणतात आणि त्यांना पाव किलोच हवं असतं.

आण्यांची भाषाही अजून जिवंत आहे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर पैसे झाले. त्याआधी रुपयात सोळा आणे होते. म्हणून चार आणे म्हणजे पंचवीस पैसे, आठ आणे म्हणजे पन्नास. "बारा आणे काम झालं" असं गवंडी म्हणाला तर पाऊण काम झालंय, पैशांचा तिथं संबंध नाही. तसंच पेपरातल्या पैसेवारीचं. गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली, ही पिकाची मोजणी आहे. नेहमीच्या पिकाला रुपया धरला तर यंदा अर्ध्याहून कमी आलं, एवढा त्याचा अर्थ. आमच्या दुष्काळी जिल्ह्यात हा शब्द दर दिवाळीच्या पुढं-मागं ऐकू येतो.

तिसरी पायरी: काट्यावरची तीन घरं वाचा

इलेक्ट्रॉनिक काट्यावर टिंबाच्या डावीकडं किलो आणि उजवीकडं ग्रॅम असतात. ग्रॅमला तीन घरं. ०.२५० म्हणजे अडीचशे ग्रॅम. चुका होतात त्या कागदावर, कारण कागदावर लिहिताना लोक शेवटची शून्यं गाळतात. मग कुणी ०.२५ ला पंचवीस ग्रॅम वाचतं, कुणी ०.०५ ला अर्धा किलो. उपाय सोपा आहे. वजन असेल तर टिंबापुढं तीन घरं भरा. ०.५ चं ०.५०० झालं, पाचशे ग्रॅम. ०.०५ चं ०.०५० झालं, पन्नास ग्रॅम. १.२ चं १.२००, १.०२ चं १.०२०. रुपये असतील तर दोन घरं भरा: २.५ म्हणजे २.५०, अडीच रुपये.

माल ठेवण्याआधी काट्यावर ०.००० आहे ना, ते पाहा. भांडं किंवा खोका ठेवला तर तो ठेवूनच शून्य करून घ्यायला सांगा. बारक्या काट्यावर तीन खिडक्या असतात, वजन, दर आणि रक्कम. कालच्या गिऱ्हाईकाचा दर तसाच राहिलेला मी बघितला आहे, म्हणून मधल्या खिडकीवरही नजर टाका.

चौथी पायरी: ते टिंब दशांशाचंच आहे का?

या पायरीवर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण इथं लाखांनी पैसे जातात.

माझ्या आजोळी जमिनीची वाटणी निघाली. एका मामांचा हिस्सा दुसऱ्यानं विकत घ्यायचा होता. भाव ठरला एकरी दहा लाख. मध्यस्थानं आणलेल्या कागदावर क्षेत्र होतं ‘१.२० एकर’. त्यानं कॅलक्युलेटर काढला, १.२० ला दहा लाखांनी गुणलं आणि बारा लाख सांगितले. सगळे माना हलवत होते. मीही तिथंच बसलो होतो, रोज बिलं लिहिणारा माणूस, आणि माझ्याही लक्षात आलं नाही.

थोरले मामा चौथीपर्यंत शिकलेले. ते म्हणाले, "थांब की. एक एकर वीस गुंठं हाय ते. चाळीस आन् वीस, साठ गुंठं. गुंठा पंचवीस हजार. किती झाले?"

पंधरा लाख झाले. कागदावरचं ‘.२०’ वीस गुंठे होते. एकरात चाळीस गुंठे, म्हणजे वीस गुंठे हा अर्धा एकर, आणि जमीन दीड एकर. कॅलक्युलेटरनं ते एकराचा पाचवा भाग धरलं, आठच गुंठे. बारा गुंठ्यांचे तीन लाख एका टिंबात जाणार होते. ज्यांचा हिस्सा होता त्या मामांनी नंतर कितीतरी वेळ पाण्याचा तांब्या हातात धरून ठेवला होता, प्यायले नाहीत.

म्हणून टिंब दिसलं की विचारा, टिंबाच्या पलीकडचं माप किती झालं की अलीकडचं एक होतं? दहा, शंभर किंवा हजार असेल तर ते दशांश चिन्ह आहे आणि कॅलक्युलेटर चालेल. बारा, चाळीस किंवा साठ असेल तर ते टिंब नुसतं दोन आकडे वेगळे ठेवायला घातलंय. तिथं आधी सगळं लहान मापात करा आणि मगच गुणाकार करा.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असतं. हेक्टरचे शंभर आर, आरचे शंभर चौरस मीटर, म्हणून तिथलं टिंब दशांशाला जुळतं. त्या मामांची साठ गुंठे जमीन सातबाऱ्यावर ०.६०.७० दिसते. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चौरस मीटरमध्ये १०१.१७. आर आणि गुंठा जवळजवळ सारखे आहेत, पण एक नाहीत. गावात दोन्हीला ‘गुंठा’च म्हणतात. घर बांधायला चार गुंठे घेताना फरक साधारण पन्नास चौरस फुटांचा पडतो, म्हणजे एक छोटी मोरी.

फूट-इंचाचंही हेच. पडद्याचं माप ‘६.६’ लिहून आलं तर ते सहा फूट सहा इंच आहे, म्हणजे साडेसहा फूट. उंचीत ५.१० हा ५.९ पेक्षा मोठा असतो, शाळेतल्या गणितात लहान. आमच्या दुकानात मी नियम केला होता: फूट-इंच कधी टिंबानं लिहायचे नाहीत, सगळं इंचात. चादर ६० बाय ९०, टॉवेल ३० बाय ६०. साडीला वार असतो. वार म्हणजे ३६ इंच, ९१.४४ सेंटिमीटर. नऊवारी मीटरवर मोजली तर सव्वाआठच्या जराशी आत भरते. नऊ मीटर मागू नका. वेळेचंही तसंच, दीड तासाला कुणी १.३० लिहितं, कुणी १.५. ओव्हरटाइमचा पगार काढताना दोन्ही एकाच तक्त्यात मिसळले की कामगाराचं नुकसान होतं, आणि ते त्याला कळतही नाही.

पाचवी पायरी: रुपये की पैसे, आणि कशाचे टक्के?

कॉलेजांच्या बाहेर झेरॉक्सच्या दुकानात पाटी दिसते, ‘०.५० पैसे’. नीट वाचली तर ती अर्धा पैसा सांगते. शंभर पानांचे पन्नास पैसे झाले. दुकानदाराला म्हणायचं असतं ०.५० रुपये, किंवा नुसते ५० पैसे. इथं सगळ्यांना खरं काय ते माहीत असतं म्हणून भागतं. पण वीज, मोबाईल किंवा कुरिअरच्या दरपत्रकात हीच चूक झाली तर शंभरपटीचा फरक पडतो. टिंब लावलं तर ‘रुपये’ लिहा, ‘पैसे’ लिहायचं असेल तर टिंब काढा. दोन्ही एकत्र नकोत.

व्याजाबाबत फार सांभाळा. "शेकडा तीन" हा शब्द गोड वाटतो. खासगी व्यवहारात तो महिन्याचा असतो. शंभराला महिना तीन रुपये, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. बँकेचे अकरा टक्के वर्षाचे असतात. नव्यानं आलेली मुलं तीन आणि अकरा शेजारी ठेवून तीन निवडतात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. ‘महिन्याला की वर्षाला?’ विचारल्याशिवाय सही करू नका.

टक्क्यांवरून उजनी आठवली. सोलापुरात राहायला आलात की पाण्याच्या बातम्या वाचायची सवय लागते, आणि पहिल्या उन्हाळ्यात ‘उजनी वजा ३० टक्के’ वाचून माणूस घाबरतो. धरणात शून्याच्या खाली पाणी कसं असेल? ते टक्के फक्त उपयुक्त साठ्याचे असतात. उपयुक्त साठा साधारण ५३ टीएमसी (अब्ज घनफूट), त्याच्या खाली मृतसाठा साधारण ६३. शून्य टक्के म्हणजे उपयुक्त साठा संपला, खाली ६३ टीएमसी आहेच. वजा ३० म्हणजे त्यातलेही सोळाएक गेले. धरण कोरडं पडलेलं नाही, पण नळाला पाणी किती दिवसांनी येणार याची काळजी मात्र खरी आहे.

सहावी पायरी: दोन्ही वस्तू एका मापात आणा

तेलाचा डबा घेताना विचारा, पंधरा किलो की पंधरा लिटर? तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, लिटरचं वजन ९१० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पंधरा लिटरच्या डब्यात १३.६५ किलो तेल. सव्वा किलोहून जास्त फरक. डबे शेजारी ठेवले तर सारखेच वाटतात. डब्यावरचं बारीक अक्षरातलं निव्वळ वजन वाचा.

पॅकबंद मालावर आता एककाचा दर छापावा लागतो. किलोच्या आतल्या पाकिटावर तो ग्रॅमला असतो, किलोच्या वरच्यावर किलोला. त्यामुळं ९०० ग्रॅमवर ‘०.२१ रुपये प्रति ग्रॅम’ आणि दीड किलोवर ‘१९८ रुपये प्रति किलो’ असं दिसतं. हजारानं गुणा: ०.२१ चे झाले किलोला २१०. पण ०.२१ हा दोन घरांत बसवलेला जवळचा आकडा आहे, खरा दर २०५ ते २१५ मध्ये कुठंही असू शकतो. दोन पाकिटांत थोडकाच फरक वाटत असेल तर छापील किंमत भागिले वजन असा स्वतः हिशोब करा.

टॉवेलला जीएसएम सांगतात, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. ३० बाय ६० इंच म्हणजे ०.७६२ गुणिले १.५२४ मीटर, १.१६ चौरस मीटर. ४०० जीएसएमचा टॉवेल ४६४ ग्रॅम भरायला हवा. ३२० रुपये किलोनं १४८ रुपये आणि वर काही पैसे. सुरुवातीला सांगितलेल्या मुलाला मी हे त्याच वहीत करून दाखवलं. तेव्हापासून तो प्रत्येक आकड्यापुढं माप लिहितो. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. चांगला माल घ्यायचा असेल तर हाताला लागणाऱ्या मऊपणाइतकंच वजनही बघा.

सातवी पायरी: औषधाला अंदाज नको

लहान मुलांच्या तापाचं औषध थेंबांच्या बाटलीत येतं आणि सिरपच्या बाटलीतही. थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. सिरपमध्ये बऱ्याचदा पाच मिलिलिटरला १२५, म्हणजे एका मिलिलिटरला २५. नाव तेच आणि जोर चौपट. सिरपचं माप थेंबांच्या बाटलीतून दिलं तर बाळाला चौपट औषध जातं. डॉक्टरांनी ०.५ लिहिलंय की ५, यात शंका आली तर औषध देऊ नका, फोन करा. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका, बाटलीसोबत आलेलं मापच वापरा.

पैसे देताना

मराठी आकड्यांची सवय नसेल तर हातानं लिहिलेलं बिल सावकाश वाचा. १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, ४ हा इंग्रजी आठसारखा. जुने दुकानदार ४५०=०० किंवा ४५०/- असं लिहितात, म्हणजे पुढं कुणी आकडा वाढवू नये. मोबाईलवरून पैसे पाठवताना २१२.५० मधलं टिंब सुटलं की २१,२५० होतात. रक्कम टाकली की ती दुकानदाराला मोठ्यानं वाचून दाखवा आणि मगच पिन टाका. त्याचीही एक नजर पडते.

एवढं करूनही वजनात कमी दिलं, छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं, तर वैधमापन शास्त्र विभागाकडं तक्रार करता येते. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी तपासून त्याच्यावर शिक्का घ्यावा लागतो. तो शिक्का आणि प्रमाणपत्र दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. फोन करताना बिल समोर ठेवा, आणि वस्तू, वजन, दर, रक्कम या क्रमानं, प्रत्येक आकड्यामागं त्याचं माप लावून सांगा.